ऊती पाठ करायच्या की कापून बघायच्या?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ऊतींचा, म्हणजे एकच काम मिळून करणाऱ्या पेशींच्या गटांचा, भाग जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. वनस्पतींच्या ऊती दोन, विभाजी आणि स्थायी. स्थायी परत दोन, साध्या आणि जटिल. साध्यांत मूल, स्थूलकोन, दृढ. जटिलांत जलवाहिनी, रसवाहिनी. पलीकडे प्राण्यांच्या चार: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. पोरं एका दमात म्हणून दाखवतात. मग विचारावं, "पेरू खाताना दाताखाली कचकचतं ते काय?" उत्तर येतं, "बी, मॅडम." बरं, बिया काढून टाकलेल्या गराचं काय? सगळे गप्प.

यंदा उलटं करायचं ठरवलंय. आधी वस्तू हातात द्यायची. ती कापा, ओढा, वाकवा, चघळा. ती काय काम करते ते सांगा. नाव अगदी शेवटी. ऊतीचं काम कळलं की नाव आपोआप चिकटतं, उलट्या बाजूने गेलं की फक्त नाव उरतं, असं माझं मत आहे.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. झावियर बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1800 च्या सुमारास माणसाच्या शरीरात 21 प्रकारच्या ऊती असल्याचं मांडलं, आणि तेही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. त्या काळच्या भिंगांवर त्याचा भरवसाच नव्हता. तो ऊती उकळायचा, वाळवायचा, कुजत ठेवायचा, आम्लात टाकायचा आणि कोणती कशी वागते ते टिपून ठेवायचा. 1802 मध्ये गेला तेव्हा जेमतेम तिशीत होता.

आमच्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, ब्लेडं आहेत, आयोडीन आणि थोडं सॅफ्रनिन (लाल रंगद्रव्य) आहे. बाजारातून, शेतातून, स्वयंपाकघरातून काय काय आणता येईल सुचवा. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही चालेल, मुलं गट पाडून घेतील.

डबाबाटली

धागा साठवून ठेवलाय. घरात नववी आहे.

रानवाट

मस्त विषय. पेरूपासूनच सुरू करा.

बियांच्या आसपासचा जरा रवाळ गर सुईच्या टोकावर घ्या. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, आच्छादन काच टाका आणि बोटाने हलकेच दाबा. आधी कमी वर्धनाचं भिंग लावा. पातळ भिंतीच्या, फुगीर, एकमेकींना टेकलेल्या मोठ्या पेशी दिसतील. ती मूल ऊती, म्हणजेच खरा गर. त्यात मधूनमधून गच्च झुबके दिसतील. आता जास्त वर्धन लावा. झुबक्यातल्या प्रत्येक पेशीची भिंत इतकी जाड की मधली पोकळी जवळजवळ बुजलेली असते, आणि त्या भिंतीतून आरपार गेलेले केसासारखे बारीक मार्ग दिसतात. पेशी जिवंत असताना शेजारणीशी देवाणघेवाण याच मार्गांनी चालायची. भिंतीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरत गेलं आणि पेशी मेली. या दृढपेशी. सॅफ्रनिनचा थेंब टाकून धुतलं तर त्या लालभडक उठून दिसतात, गर फिकट राहतो. तुमची कचकच ती हीच. नासपतीतही असतात.

स्थूलकोन ऊतीसाठी भोपळ्याचा वेल घ्या, दुसरं काही शोधायला जाऊ नका. खोडावर बाहेर आलेले पाच उभे कंगोरे असतात. आडवा पातळ काप घेतलात तर प्रत्येक कंगोऱ्यात सालीच्या लगेच खाली या पेशी सापडतात: कोपऱ्यात भिंत जाड, बाकी पातळ. त्या जिवंत असतात आणि भिंतीत लिग्निन नसतं, म्हणून खोड वाढताना त्याही ताणल्या जातात. भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी करताना आपण देठाच्या शिरा सोलून काढतो ना, त्या सोलपटात बहुतेक हीच ऊती असते. एक सोलपट मुलांच्या हातात द्या आणि तोडायला सांगा. मऊ आहे, वाकतं, पण सहजासहजी तुटत नाही.

याच्या शेजारी ज्वारीचं धाट ठेवा. एकदल असल्याने तिथे सालीखाली स्थूलकोन ऊती नसते, दृढ ऊतीचा पट्टा असतो. वाकवलं की कटकन मोडतं. दोन्ही खोडांना उभं राहायचंय, पण एकाला वेल म्हणून पसरत, वळत जायचंय आणि दुसऱ्याला कणसाचा भार घेऊन ताठ राहायचंय.

शंभर_पैकी

सगळं छान आहे, पण पेपरात "फरक स्पष्ट करा: मूल ऊती व दृढ ऊती" येतो, तीन गुणांना. भोपळ्याची भाजी लिहून कोण गुण देणार? माझ्या मुलाच्या शाळेत असले प्रयोग करत बसले आणि अर्धा अभ्यासक्रम फेब्रुवारीत ढकलला. नावं पाठ असणं हा गुन्हा नाही.

आणि एक शंका. दृढ ऊतीच्या उदाहरणात कापूस चालेल ना? धागाच तो.

पऱ्हाटी

कापूस नाही चालणार, दादा! आम्ही विदर्भातले, यावर गप्प बसणं होत नाही. 😄

ताग आणि अंबाडीचा धागा खोडाच्या सालीतून निघतो. तिथे रसवाहिनीच्या लगत दृढतंतूंचे जुडगे असतात. खोडं पाण्यात कुजवली की आजूबाजूचा मऊ भाग सडून जातो आणि जुडगे सुटे होतात. तिथे दृढ ऊती बरोबर. कापसाचा तंतू मात्र सरकीच्या बाहेरच्या सालीवर उगवलेला केस आहे. सरकीच्या अपित्वचेतली एकेक पेशी लांबत जाते आणि तिचाच तंतू होतो. म्हणजे एक तंतू, एक पेशी! दोन-अडीच, कधी तीन सेंटिमीटर लांबीची एकच पेशी, डोळ्यांना दिसणारी. भिंत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची, लिग्निन नाहीच म्हणा. म्हणून तर सुती कापड मऊ आणि तागाचं पोतं खरबरीत. बोंड फुटलं की पेशी मरते, सुकते, चपटी होते आणि पीळ खाते. त्या पिळामुळे सूत कातता येतं.

मॅडम, सरकीसकट थोडा कापूस ठेवा वर्गात. सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेली फीत दिसते, पोरं खूश होतात.

उसाचं_कांडं

आमच्याकडं बघा, ऊस एकटाच सगळा धडा शिकवतोय.

पेराचा आडवा काप घेतला की पांढऱ्या गरात ठिपके दिसतात. गर म्हणजे मूल ऊती, साखर तिथं साठते. ठिपके म्हणजे वाहिन्यांचे पूल, म्हणजे जुडगे, एकेकात जलवाहिनी आणि रसवाहिनी, आणि भोवती दृढ ऊतीचं कवच. गुऱ्हाळावर रस निघाला की जे चिपाड उरतं ते मुख्यतः हे पूल आणि साल. ठिपके सालीकडं दाट, मधी विरळ. म्हणून बाहेरून सोलायला जीव जातोय आणि आतला गर गोड लागतोय.

दुसरं म्हणजे लोळलेला ऊस. वाऱ्या-पावसात आडवा झाला की थोड्या दिवसांत शेंडा परत वर वळतोय, आणि वळण नेहमी गाठीवर असतंय, दोन गाठींच्या मधी कधीच नाही. गाठीच्या जरा वर एक फिकट पट्टी असते, वाढीचं वलय. तिथं आंतरीय विभाजी ऊती असते, म्हणजे खोडाच्या मधेच विभागून वाढ करणाऱ्या पेशी. खालच्या अंगाची वाढ वरच्या अंगापेक्षा जास्त होते आणि ऊस उचलला जातो. हे पुस्तकात एका ओळीत "पर्वाच्या तळाशी" म्हणून उरकलंय. पोरांना एकदा फडात नेऊन लोळलेला ऊस दाखवा, जन्मभर विसरणार नाहीत.

आणि तोडलेला ऊस मेलेला नसतोय. मूल ऊतीच्या पेशी जिवंत असतात, त्यांचा श्वास चालू असतो, आतली विकरं साखर फोडत असतात. वर कापलेल्या टोकातून जंतू शिरतात ते वेगळंच. म्हणून गाडी कारखान्यावर थांबून राहिली की उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरतो. आमचं नुकसान नक्की कुठल्या ऊतीत होतं ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

पाटीपेन्सिल

@उसाचं_कांडं, दादा, आमच्यापासून फड लांब नाही. नेतेच.

@शंभर_पैकी, गुन्हा कोण म्हणतंय? तीन गुण मिळायलाच हवेत. पण पेरूतल्या दृढपेशी पाहिलेला मुलगा "भिंत जाड, लिग्निनयुक्त, पेशी मृत" हे तीन मुद्दे न घोकता लिहितो. अभ्यासक्रम मागे पडतो ही तक्रार खरी आहे, म्हणून एकाच शनिवारी सगळं बसवायचं बघतेय.

प्राण्यांकडे वळूया का? तिथे मी जास्त अडते. रक्त संयोजी ऊती का, हा प्रश्न दरवर्षी येतो. "पातळ आहे, काही जोडत तर नाही!"

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, दिवसभर ऊतीच कापते.

संयोजी ऊतीची ओळख "जोडणे" यावरून धरली की गोंधळ होतो. पेशी आणि पेशींमधली जागा यांच्याकडे बघा. अभिस्तर ऊतीत पेशी खेटून बसलेल्या असतात, मधे जागा जवळजवळ नसतेच, कारण तिचं काम आडोसा करण्याचं, आत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही ते ठरवण्याचं. संयोजी ऊतीत पेशी विरळ असतात आणि आधारक, म्हणजे पेशींच्या मधला भराव, तोच जास्त. आधारकात कॅल्शियमचे क्षार भरले की अस्थी, तो चिवट आणि लवचीक राहिला की कास्थी, तंतूंनी गच्च भरला की स्नायूरज्जू आणि अस्थिबंध, पातळ असला की रक्त. शिवाय रक्तपेशी जन्मतात त्या हाडातल्या मज्जेत, त्यामुळे कुळही तेच.

मुलांपैकी एखादा चलाख निघाला तर म्हणेल, की हाडातला आधारक हाडाच्या पेशी स्वतः तयार करतात, पण रक्तद्रवातली बहुतेक प्रथिने तर यकृत करतं. आणि रक्तात तंतू कुठे असतात? तर त्याला शाबासकी द्या. तंतू दिसतात ते रक्त गोठताना, फायब्रिनचे. या कारणांमुळेच रक्ताला "विशेष" संयोजी ऊती म्हणायची पद्धत आहे. वर्गीकरण माणसाने केलंय, शरीराने नाही.

गुडघेदुखी

फिजिओथेरपिस्ट इथे. स्नायूरज्जू आणि अस्थिबंध यांत मोठी माणसंही घोळ घालतात. स्नायूरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, अस्थिबंध हाडाला हाडाशी. पाय मुरगळून घोटा सुजतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणलेला असतो.

पण दवाखान्यात मला ऊतींचा सगळ्यात मोठा फरक दिसतो तो बऱ्या होण्याच्या वेगात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, साधी लचक काही आठवड्यांत जाते. स्नायूरज्जू आणि अस्थिबंधांना तो बेताचा, तिथे महिने लागतात. कास्थीला रक्तवाहिन्या नाहीतच. गुडघ्यातली कास्थी सांध्यातल्या द्रवातून पोषण घेते, आणि सांधा हलला, त्यावर दाब पडला-सुटला तर तो द्रव नीट आत-बाहेर होतो. म्हणून आम्ही "चाला, हळूहळू चाला" म्हणून मागे लागतो आणि लोक खुर्चीत बसून राहतात. असो, हा माझा रोजचा राग आहे.

तांबडा_पांढरा

मांसाहारी गट माझ्याकडे द्या.

चिकनवाल्याकडून कोंबडीचे पंजे मागून आणा, बऱ्याच ठिकाणी ते फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात. जिथे कापलंय त्या टोकाला पांढऱ्या, चमकदार दोऱ्या दिसतील. एक दोरी चिमट्यात धरून ओढा. बोटं मिटतात! दुसऱ्या बाजूची ओढा, उघडतात. कोंबडी मेलेली, स्नायू तर तंगडीबरोबर दुकानातच राहिले, तरी पंजा हलतो. स्नायूरज्जूचं काम याहून सोपं करून सांगता येणार नाही. एकदोन पोरं किंचाळतील, तयारी ठेवा.

मग तंगडीचं हाड घ्या. टोकाला निळसर पांढरं, गुळगुळीत, नखाने खरवडता येणारं टोपण असतं, जे आपण कुरुमकुरुम खातो. ती कास्थी. हाड साफ करून चांगल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, एकदोनदा व्हिनेगर बदला. काही दिवसांत कॅल्शियम विरघळून जातं आणि हाड वाकायला लागतं. उरतं ते कोलॅजेन, चिवट तंतूंचं प्रथिन. उलट, दुसरं हाड निखाऱ्यात चांगलं जाळा. कोलॅजेन जळून जातं, क्षार उरतात, आणि हाड बोटांत चुरतं. दोन्ही हाडं शेजारी ठेवली की अस्थी कशाकशाची बनलीय हे सांगावं लागत नाही.

पाया सूप रात्रभर मंद आचेवर का ठेवतात? पायात मांस नावाला, सगळं कोलॅजेन. बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं, म्हणून थंड झाल्यावर सूप थिजतं आणि पिताना ओठ चिकटतात. कलेजी मात्र दहा मिनिटांत शिजते, कारण तिथे संयोजी ऊती अगदी कमी. जास्त शिजवाल तर चप्पल.

पोटा-कलेजीतला पोटा ही कोंबडीची दळणारी पिशवी. हा अनैच्छिक, पट्टे नसलेला स्नायू. आतून जे पिवळं कातडं चिकनवाला सोलून टाकतो ते अभिस्तर वाटतं, पण ती ऊती नव्हेच. आतल्या ग्रंथींनी बाहेर टाकलेला थर कडक होऊन ते तयार झालेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शोधत बसू नका.

शंभर_पैकी

चेता ऊती राहिली. भेजा फ्राय? 😏

तांबडा_पांढरा

अहो, थट्टेत म्हणालात पण बरोबर आहे. भेजा इतका मऊ का असतो? मेंदूच्या आत संयोजी ऊती जवळपास नसतेच. ती असते बाहेरच्या आवरणांत. शिजवण्याआधी आपण जी लाल शिरांची पातळ साल काढतो ना, तीच. आत चेतापेशी, त्यांना सांभाळणाऱ्या सहपेशी, आणि चेतातंतूंवरचं स्निग्ध वेष्टण. त्यामुळे तो तोंडात विरघळतो.

स्लाइडवाली

चेता ऊतीचं एक टोकाचं उदाहरण द्या मुलांना: कमरेपासून पायाच्या बोटांकडे जाणारा चेतातंतू मोठ्या माणसात मीटरभर लांब असू शकतो, आणि तो एकाच पेशीचा भाग असतो. वर कापसाच्या पेशीची लांबी आलीच आहे, दोन्ही फळ्यावर शेजारी लिहा. हातापायातला चेतातंतू तुटला आणि मार्ग शाबूत असला तर साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढत परत येतो. मेंदू-मज्जारज्जूत ती सोय नाही.

दातकोरणं

दंतवैद्य आहे. अभिस्तर ऊती मुलांच्या तोंडातच आहे, बाहेरून काही आणायला नको. स्वच्छ आइस्क्रीमच्या काडीने गालाच्या आतून हलकं खरवडा, काचपट्टीवर पसरा, मिथिलीन ब्लूचा थेंब. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते चालतं. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि प्रत्येकीत एक गडद केंद्रक. प्रत्येकाने स्वतःचीच काडी वापरायची, नंतर ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायची.

ही स्तरित पट्टकी. घास घासून वरचे थर झडतात, खालून नवे येतात. आतड्यात ओरखडे कमी पण शोषण करायचं असतं, म्हणून तिथे एकाच थरात उभ्या, स्तंभीय पेशी. ते अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. श्वासनलिकेत रोमक पेशी, धूळ आणि कफ वर ढकलत राहतात. विडी-सिगारेटचा धूर पहिली वाट लावतो ती त्या रोमकांची.

शिक्षक आहात म्हणून आणखी एक सांगतो, पाठ्यपुस्तकात नाही तरी सांगा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत विशी-पंचविशीची पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं शिरत नाहीत. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखालच्या संयोजी ऊतीत कोलॅजेन साठत जातं. वरचा अभिस्तर पातळ, पांढुरका होतो, खालचा थर आवळत जातो. तोंड उघडत नाही, तिखट सोसत नाही. आणि पुढे त्याच अभिस्तरात कर्करोग होण्याचा धोका वाढतो. मुखाचा कर्करोग अभिस्तरातून उठतो आणि त्याच्या तळाचा पातळ पडदा ओलांडून खालच्या ऊतीत शिरला की प्रकरण गंभीर. स्लाइडवाली ताई, तुम्ही तेच बघता ना?

स्लाइडवाली

हो. तुकडा फॉर्मालिनमध्ये येतो, मेणात बसवायचा, चार-पाच मायक्रॉनचे काप घ्यायचे आणि रंगवायचे. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. डॉक्टर आधी तो तळाचा पडदा शाबूत आहे का ते शोधतात. नववीत "कोणती ऊती कुठे असते" हे पाठ करायला लावतात, त्यावरच आमच्याकडे कुणाच्या तरी घरचे आठ दिवस झोपत नाहीत.

माडाची_सावली

गोंयांतून देव बरें करूं! माड राहिला की.

माडाच्या खोडात एधा नसते, म्हणजे खोड जाड करणारी ती पार्श्व विभाजी ऊतीची कडी नाही. त्यामुळे वर्षाची वलयं नाहीत, आणि जखमही भरून येत नाही. चढण्यासाठी खोडाला पाडलेल्या खाचा माड असेपर्यंत तशाच दिसतात. आंब्याच्या खोडाला घाव घाला, काही वर्षांत कडेने फुगून बुजत येतो. वर्गात फोटो लावा दोन्हींचे.

वाढ सगळी शेंड्यातल्या एका कोंबात. गेंड्या भुंग्याने तो खाल्ला की माड गेला, फांदी फुटायची सोय नाही. आणि रेंदेर (माडी काढणारा) पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून, ठोकून, रोज पातळ काप घेऊन सूर (माडी) काढतो, ती रसवाहिनीतली साखर. पानांतून फुलोऱ्याकडे निघालेली, वाटेत आपण अडवलेली.

नारळाचं पाणी मुलांना नक्की विचारा, ऊती आहे का? कोवळ्या नारळात ते द्रवरूप भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठीचं अन्न, असतं, सुटी केंद्रकं तरंगत असतात, मधे पेशींच्या भिंती नाहीत. मग कडेने भिंती तयार होत जातात आणि खोबरं धरतं. शहाळ्यातली मलई म्हणजे ऊती तयार होताना पकडलेली.

कलमवाला

एधेचा विषय निघालाच आहे तर. हापूसचं कलम लागतं ते एधेमुळे. कोवळ्या रोपाला चीर देऊन काडीची पाचर बसवतो तेव्हा आमची सगळी धडपड एवढीच, की निदान एका बाजूने तरी साल-साल जुळली पाहिजे. सालीच्या लगेच आत एधा असते. दोन्हीकडच्या पेशी विभागून एकमेकींत मिसळतात आणि नव्या जलवाहिन्या-रसवाहिन्या जुळतात. काडी खुंटापेक्षा, म्हणजे खालच्या रोपापेक्षा, बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवा.

गुटी कलमात उलटा खेळ. डाळिंबाच्या फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढून टाकायची. सालीबरोबर रसवाहिनी जाते, आतल्या लाकडातली जलवाहिनी राहते. म्हणून फांदीला पाणी मिळतं, पानं सुकत नाहीत, पण पानांनी केलेली साखर आणि संप्रेरकं खाली जाऊ शकत नाहीत, कापाच्या वरच्या काठाला अडतात. ओलं शेवाळ गुंडाळलं की मुळं फुटतात ती त्या वरच्या काठाला. माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात झाडांच्या साली अशाच गोल काढून वरचा भाग फुगतो हे टिपलं होतं. मुलांना जलवाहिनी-रसवाहिनी दाखवायला याहून चांगलं काही नाही. शाळेच्या आवारात पेरू असेल तर आजच करा.

डबाबाटली

मग केळी, ऊस, माड यांना कलम का नाही, ते आत्ता कळलं. एधाच नाही!

रानवाट

बरोबर, आणि पुस्तकांत ते अशक्य म्हणूनच सांगितलं जायचं. पण 2022 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी गहू, भात यांसारख्या एकदल वनस्पतींत बियांमधल्या भ्रूणाच्या अवस्थेत, मूळ आणि कोंब जिथे जुळतात तिथे कलम यशस्वी करून दाखवलं. मोठ्या झाडाला नाही, पण भ्रूणाला जमतं.

खानदेशी_भरीत

केळीला कलम नसलं तरी टिश्यू, म्हणजे ऊती संवर्धनाचं रोप, आहे! जळगावकडे 1990 च्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैन या केळीच्या वाणाची टिश्यूची रोपं आणली आणि इथली लागवड बदलली. पूर्वी कंद लावायचे, त्यातून रोग आणि सूत्रकृमी सोबत यायचे, बाग मागेपुढे निसवायची, म्हणजे घड एकाच वेळी पडायचे नाहीत. टिश्यूत निरोगी मुनव्याचा, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलाचा, शेंडा घेतात, पानांचे थर सोलत आत विभाजी ऊतीपर्यंत जातात, निर्जंतुक करून बाटलीत अगारवर, म्हणजे थिजवलेल्या पोषक थरावर, ठेवतात. संप्रेरकांचं प्रमाण बदललं की आधी कोंब वाढतात, मग मुळं. विभाजी ऊतीच्या अगदी टोकाला विषाणू बहुधा पोचलेले नसतात, म्हणून तोच भाग. फार वेळा वाढवत नेलं तर वेगळीच रोपं निघू लागतात, त्यामुळे मर्यादा ठेवतात.

रानवाट

पुण्याचं नाव राहू नये. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने ऊती संवर्धनातल्या बांबूला बाटलीतच फुलं आणली, शोधनिबंध 1990 मध्ये आला. जो बांबू रानात कित्येक दशकांनी एकदा फुलतो तो काही महिन्यांच्या रोपावर! तेव्हा जगभर चर्चा झाली होती. आणि 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून थेट भ्रूण वाढवले; त्यांची रोपं अगुणित, म्हणजे निम्मीच गुणसूत्रं असलेली, असल्याचं पुढे दिसलं. परदेशी नावांच्या जोडीला ही दोनही फळ्यावर लिहा.

पाटीपेन्सिल

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलींनी पंज्याचा प्रयोग आत्ताच मागून घेतलाय, मुलगे मागे सरकले.

@शंभर_पैकी, तुमच्या मुलाच्या वर्गासाठी तयार स्लाइड्स हव्या असतील तर आमच्या देऊन ठेवीन, शाळेचं नाव तेवढं खाजगीत कळवा. फक्त एक अडचण आहे. पेरूची आणि भोपळ्याची स्लाइड तासाभरात सुकते, दुसऱ्या तुकडीपर्यंत टिकत नाही. काय करू?

शंभर_पैकी

कळवतो. आणि पेरू आणलाय घरी. मुलगा म्हणतोय आपल्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, तर मी म्हटलं चावून बघ आधी.

रानवाट

@पाटीपेन्सिल, पाण्याऐवजी निम्मं पाणी-निम्मं ग्लिसरीन वापरा. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं. काच टाकताना एका कडेने तिरकी उतरवा, नाहीतर बुडबुडे अडकतात आणि मुलं त्यांनाच पेशी समजतात. जास्तीचं टिपकागदाने टिपून घ्या आणि चारही कडांना नेलपॉलिशचा एक हात द्या. आठवडाभर आरामात टिकेल. सॅफ्रनिन मात्र आधीच चांगलं धुऊन घ्या, नंतर पसरून सगळंच लाल दिसतं.